बेसबॉलची भिंत आणि एक मास्क

मी आयुष्यात बेसबॉलचा एकही सामना पाहिलेला नाही. तरीही त्या खेळाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास मी या उजव्या हाताने लिहिलेला आहे. इंग्रजी मोठ्या अक्षरांत, इनॅमलमध्ये, सौदी अरबच्या वाळवंटात, आणि तेही डोक्यावर लढाई चालू असताना. चिपळुणात चहा पिताना हे वाक्य मी टाकलं की ऐकणारे एकमेकांना डोळा मारतात. मारू देत. इस्माईल पेंटरच्या बोलण्यातून निम्मं वजा करायचं, ही आमच्या गावाची जुनी सवय आहे आणि ती चुकीची नाही. ‘धंद्यातले अनुभव लिहा’ म्हणून संपादक घरी आले, तेव्हा त्यांनाही मी सांगितलं, वजाबाकी तुम्ही करून घ्या. एक जागा मात्र अशी येईल की तिथे काही वजा करू नका. ती कुठली, ते तुमचं तुम्हाला कळेल.

आधी धंदा समजून घ्या. मी घरांना रंग देणारा पेंटर नव्हे. मी अक्षरं काढणारा. आता मशीन रबरासारखी अक्षरं कापून देतं आणि शाळकरी पोरगंसुद्धा ती चिकटवतं. आमच्या वेळी भिंतीवर खडू लावलेला दोरा ताणायचा, मधे धरून फटकन सोडायचा, की सरळ रेघ उमटायची. त्या रेघेवर डाव्या हातात काठी टेकवायची, काठीवर उजवा हात, हातात खारीच्या केसांचा ब्रश, आणि श्वास बंद. माझा श्वास इतका बंद असायचा की एकदा कंपनीचा डॉक्टर नाडी बघायला शिडीवर चढला होता. आणि अजून एक गुपित. इंग्रजी ‘ओ’ गोल असतो. तो बाकीच्या अक्षरांच्या मापाने बरोबर काढला तर लहान दिसतो. म्हणून तो रेघेच्या वर-खाली केसभर बाहेर काढायचा, मग तो सगळ्यांच्या बरोबरीचा दिसतो. खरं दिसावं म्हणून थोडं खोटं करायचं, एवढाच आमचा धंदा.

मी होतो हफ्र अल बातिनच्या बाहेर, एका कंपनीच्या कॅम्पात. लष्करी वसाहतींची देखभाल हे कंपनीचं काम. लहानपणी मदरशात शिकल्यामुळे मला अरबी अक्षर वाचता यायचं. अर्थ कळायचा नाही, पण पाटी रंगवायला अर्थ लागतो कुठे? एका माणसाच्या पगारात दोन भाषांचा पेंटर मिळाला म्हणून कंपनी खूष. मी तिथे इतक्या ‘धूम्रपान निषिद्ध’ पाट्या काढल्या, की त्या ओळीने मांडल्या तर एक टोक जेद्द्याच्या शराफिया मोहल्ल्यात आणि दुसरं आमच्या कोकणातल्या राजापुरात टेकलं असतं. एकदा एका अधिकाऱ्याने मला वाळवंटात चाळीस मैल आत नेलं. तिथे ना रस्ता, ना झाड, ना माणूस. म्हणाला, इथे ‘गाडी उभी करू नये’ लिही. मी लिहिलं. मग त्याने पाटीखालीच गाडी उभी करून मला चहा पाजला.

आमच्या खोलीत सहा जण होते. त्यातला एक शांताराम, गुहागरकडचा सुतार, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मी त्याला शांतारामदादा म्हणायचो आणि तो मला ‘भाय’. सहा वर्षं आम्ही एका चुलीवर जेवलो. तो कुळथाची पिठी करायचा, मी डब्यातल्या मासळीचं कालवण. बोलणं म्हणाल तर मी दिवसाला दहा हजार शब्द आणि तो दहा, त्यातले चार खिळे मागायला. पण माझ्या धंद्यात शांतारामसारखा माणूस लागतो. पेंटर वर चढतो तेव्हा त्याचा जीव खाली शिडी धरणाऱ्याच्या हातात असतो. सहा वर्षांत ती शिडी एकदाही हलली नाही.

मग इराक कुवेतमध्ये घुसला आणि हफ्रच्या बाजारात, जिथे उंटांचा व्यवहार चालायचा, तिथे अमेरिकन सैनिक कलिंगडं विकत घेऊ लागले. आमच्या खोलीतले चौघे एका ट्रकवाल्याला धरून जेद्द्याला पळाले. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होते, ते तसेच टाकून गेले. मला आणि शांतारामदादाला ते धाडस झालं नाही. पासपोर्टाशिवाय माणूस म्हणजे पाटी नसलेलं दुकान, असं मी त्याला समजावलं. खरी गोष्ट ही की मी घाबरलो होतो आणि तो माझ्यासाठी थांबला.

आता मिस्टर डेल. कंपनीच्या गोऱ्या वस्तीत एक मनोरंजनाचा हॉल होता, त्याचे हे प्रमुख. अमेरिकन, साठीला टेकलेले, उंचीला ताडमाड, आणि उजव्या हाताची करंगळी वाकडी. तरुणपणी हे गृहस्थ पोटापाण्यासाठी बेसबॉल खेळायचे. लहान लहान गावांच्या संघांतून नऊ वर्षं. शुक्रवारी सकाळी आसपासच्या तळांवरचे सैनिक त्या हॉलमध्ये यायचे आणि मिस्टर डेल स्वतः त्यांना अंडी तळून द्यायचे. डिसेंबरात त्यांनी मला बोलावलं, हॉलची लांब भिंत दाखवली आणि म्हणाले, “इस्माईल, या पोरांना घराची आठवण येईल असं काहीतरी हवं. या भिंतीवर बारा चौकटी कर. अकरा चौकटींत धंदेवाईक बेसबॉलचे अकरा टप्पे. मी कागदावर लिहून देतो, तू भिंतीवर उतरव.”

“आणि बारावी?”

“बारावी मोकळी. जे अजून घडायचंय त्याच्यासाठी.”

शांतारामदादाने लाकडी चौकटी करायच्या, मी आत लिहायचं. काम सुरू झालं. मिस्टर डेल खुर्ची टाकून खाली बसायचे आणि प्रत्येक चौकटीची कथा सांगायचे. मी शिडीवरून ती शांतारामदादाला मराठीत सांगायचो, म्हणजे थोडी वाढवून.

खेळ साधारण असा: चेंडू टाकणारा एक, मारणारा एक. मारणाऱ्याच्या हातात चपटी नाही, गोल बॅट. मारायचं आणि चौकोनात पळायचं. चार कोपरे गाठून पुन्हा पहिल्या जागी आलास, की एक धाव. तीनदा चुकलास की बाहेर. आणि मिस्टर डेल म्हणायचे, “या खेळात दहा वेळा उभा राहून सात वेळा हरणारा माणूस मोठा खेळाडू समजतात.” हे मात्र आम्हा दोघांनाही फार आवडलं होतं.

पहिली चौकट होती १८६९ची. ज्याच्यातला प्रत्येक खेळाडू उघडपणे पगारी आहे असा पहिला संघ. शांतारामदादा खालून म्हणाला, “म्हणजे खेळायचा पगार?”

“हो.”

“मग सुट्टीच्या दिवशी काय करतात? काम?”

मी हे मिस्टर डेलना इंग्रजीत सांगितलं. ते इतके हसले, की त्यांच्या हातातली कॉफी माझ्या प्रायमरमध्ये पडली. त्या चौकटीचा पांढरा रंग शेवटपर्यंत जरा पिवळटच होता.

एक चौकट होती दोन हजारांहून जास्त सामने ओळीने, एकही न चुकवता खेळलेल्या माणसाची. मी ती मोठ्या भक्तिभावाने सांगितली. शांतारामदादाने रंधा थांबवला आणि विचारलं, “त्याला रजा देत नव्हते काय?” आम्हाला दोन वर्षांतून एकदा रजा मिळायची, म्हणून त्याचा प्रश्न अगदी मनापासून होता.

१९३५ची चौकट मोठ्या संघांच्या रात्रीच्या, विजेच्या दिव्यांखालच्या पहिल्या सामन्याची. ती मी रंगवत होतो त्याच दिवशी हुकूम आला, की कॅम्पात संध्याकाळनंतर उजेड बाहेर दिसता कामा नये. म्हणजे मी वर ‘पहिल्यांदाच मैदान उजळलं’ असं लिहितोय आणि खाली शांतारामदादा खिडक्यांना काळा कागद ठोकतोय.

आणि मग १९४७. मिस्टर डेल त्या दिवशी खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, “ही सगळ्यात मोठी. याच्याआधी कितीतरी वर्षं काळ्या माणसाला मोठ्या संघांत घेत नव्हते. कितीही चांगला खेळो. त्या साली पहिल्यांदा एकाला घेतलं. हे अक्षर जरा मोठं काढ, इस्माईल.”

मी विचारलं, “न घेण्याचा कायदा होता का?”

“नाही. कागदावर काहीच नव्हतं. सगळ्यांना नुसतं माहीत होतं.”

मी अक्षर मोठं काढलं. ती तारीख काढताना माझा हात जरा जास्तच सांभाळून चालला, कारण त्याच साली आपल्याकडेही एक मोठी चौकट रंगली होती.

जानेवारी लागला. मला भिंत सोडून दुसरं काम दिलं: बाण काढायचं. लाल बाण, खाली ‘शेल्टर’. गोऱ्या वस्तीच्या प्रत्येक वळणावर एक. बत्तीस बाण काढले. कामगारांच्या कॅम्पाकडे एकही नाही, कारण तिकडे बाणाने दाखवावं असं काही नव्हतं. त्याच आठवड्यात स्टोअरसमोर रांग लागली. विषारी वायूचे मास्क आले होते. मी आणि शांतारामदादाही रांगेत उभे राहिलो. स्टोअरकीपर इजिप्शियन, जन्मात कधी हसला नसेल. त्याने यादीवरून बोट खाली नेलं, परत वर आणलं.

“माफी इस्म,” तो म्हणाला. म्हणजे नाव नाही.

मी म्हटलं, “अरे बाबा, रंगवलेल्या बाणांना तरी विचार माझं नाव.”

“माफी इस्म. खलास.”

रांगेत मागे केरळचे, पाकिस्तानचे, फिलिपिन्सचे कामगार होते. कोणाचंच नव्हतं. संध्याकाळी फोरमनने आम्हाला जमवून सांगितलं, की भोंगा झाला की टॉवेल ओला करायचा आणि नाकातोंडावर धरायचा, दुसरा टॉवेल दाराच्या फटीत. एकाने हिंदीत विचारलं, “साहब, टॉवेल कंपनी देगी?” फोरमन म्हणाला, ते आपापले आणायचे.

त्या दिवसापासून शांतारामदादाचे दहा शब्द पंधरा झाले. रोज विचारायचा, “भाय, तो वायू दिसतो काय?” मी सांगायचो, हिरवा असतो, नाहीतर सांगायचो, सैतानाच्या शेपटीसारखा असतो. तो हसायचा नाही. त्याने दाराच्या फटीला लाकडाची पट्टी बेतली, मग तिच्यावर जुन्या सतरंजीची घडी ठोकली. खिडकीला तसंच. एवढा मोठा सुतार, आणि हवा अडवत बसला होता. एकदा पट्टी ठोकता ठोकता म्हणाला, “पोरगा चार वर्षांचा हाय. त्यानं मला धा-बारा म्हयनेच बघितलाय.”

तेव्हा मी ठरवलं. माझ्याजवळ जीभ होती आणि एक मोकळी चौकट होती.

दुसऱ्या दिवशी शिडीवरून मी म्हटलं, “साहेब, तुम्ही मोठ्या संघात खेळला होता ना?”

“एक दिवस,” मिस्टर डेल म्हणाले. “नऊ वर्षांत एक दिवस. कोणाचं तरी बोट मोडलं म्हणून मला बोलावलं. दुसऱ्या दिवशी परत पाठवलं.”

“मग बारावी चौकट तुमची.”

“वेडा झालास का?”

“कोण तपासायला येतंय? तीन शतकं लिहितो. जगातला सगळ्यात लांब फटका लिहितो. साहेब, मोकळी जागा दिसली की पेंटरचा हात शिवशिवतो. मला काही नको. फक्त दोन मास्क.”

शांतारामदादा खाली शिडी धरून उभा होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण ‘टू’ आणि ‘मास्क’ एवढं समजत होतं. मिस्टर डेल उठून गेले.

संध्याकाळी खोलीत त्याने विचारलं, “देतील?”

“देतील म्हणजे? माझी जीभ आहे ती. उंटाला दाढी करायला लावीन.”

दोन दिवसांनी मी हॉलमध्ये एकटाच होतो. शांतारामदादा मागच्या शेडमध्ये लाकूड कापत होता. मिस्टर डेल आले. एका हातात कागदाची चिठ्ठी, दुसऱ्या हातात खाकी कापडी पिशवी. चिठ्ठी मी वाचली. वर एक साल, मग त्यांचं नाव, आणि खाली: एक सामना, तीनदा फलंदाजी, एकही फटका नाही.

मी म्हटलं, “साहेब, यात विक्रम कुठला?”

“विक्रम नाही. घडलं ते आहे. लिहिणार असशील तर हेच लिही. एक शब्द वाढवू नकोस.”

पिशवीत मास्क होता. एक. पिशवीवर शाईने त्यांचंच नाव आणि नंबर घातलेला. मी म्हटलं, “आम्ही दोघं आहोत, साहेब.”

“मला माहीत आहे.” ते भिंतीकडे बघून बोलत होते. “हा माझा आहे. हरवला म्हणून कळवीन, मला दुसरा देतील. दोनदा हरवला असं सांगता येणार नाही.” त्यांना दुसरा मिळाला का, ते मी कधीच विचारलं नाही.

मी पिशवी रंगाच्या डब्यांखाली ठेवली. तेवढ्यात शांतारामदादा लाकूड खांद्यावर घेऊन आत आला. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “झालं काय रे भाय काम?”

“बघतो म्हणाले,” मी म्हटलं.

आयुष्यात मी हजारो थापा मारल्या. हफ्रवरून क्षेपणास्त्र गेलं तेव्हा त्याच्या अंगावरची अक्षरं मी वाचली आणि दोन अक्षरांमधलं अंतर चुकलेलं होतं, ही माझी थाप तर मुंबईच्या एजंटांपर्यंत पोचली होती. पण या ‘बघतो म्हणाले’हून लहान थाप मी कधी मारली नाही.

मास्क मी अंथरुणाखाली ठेवला. स्वतःला सांगितलं, वेळ आली की त्यालाच देईन, आधी सांगितलं तर तो घेणार नाही. स्वतःला सांगितलं, आळीपाळीने वापरू. स्वतःला सांगितलं, मिस्टर डेलकडून अजून एक काढीन आणि मग दोन्ही एकदम समोर ठेवीन, मोठी मजा येईल. चार दिवस मी मलाच गोष्टी सांगत होतो, आणि मी सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळची, मगरिबची नमाज पढून मी खोलीत आलो. शांतारामदादाने भात काढला होता, पिठी वाढली होती. दोन घास खाल्ले असतील, भोंगा झाला. याआधीही झाला होता, पण या वेळी पाठोपाठ गावाच्या बाजूने आवाज आला, पत्र्याचं सगळं आकाश कोणी वाकवावं तसा, आणि आमच्या खोलीचा बल्ब झोका घेऊ लागला.

माझा हात अंथरुणाखाली गेला. मी काही ठरवलं नाही. मागचे चार दिवस जे ठरवलं होतं, त्यातलं काहीच मला आठवलं नाही. पिशवी फाडून मी मास्क काढला, तोंडावर चढवला, डोक्यामागचे पट्टे ओढले. आत रबराचा वास आणि माझाच श्वास, एवढंच. मग त्या दोन गोल काचांमधून मी समोर बघितलं.

शांतारामदादा टॉवेल बालदीत बुडवत होता. त्याचा हात तिथेच थांबला. तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. एखादी चौकट काटकोनात बसली आहे की नाही, हे तो जसा बघायचा, तसा. मग त्याने टॉवेल पिळला, उठला, दाराच्या फटीला लावला. परत येऊन बसला. दुसरा टॉवेल समोरच होता, कोरडा. तो त्याने घेतला नाही. ताट ओढलं आणि भात कालवून खायला लागला. सावकाश. ताट निपटून होईपर्यंत त्याने एकदाही मान वर केली नाही. मी समोर काचेआडून बघत बसलो होतो. मला बोलता येत नव्हतं. मास्क काढल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मास्क मी काढला नाही.

सगळं सुरक्षित असल्याचा भोंगा झाला, तेव्हा मी तो उतरवला. वायू नव्हता. त्या अख्ख्या लढाईत वायू आलाच नाही. मी म्हटलं, “दादा, तो एकच दिला त्यांनी... मी तुला...”

“माझी पिठी संपली. तुझी गार झाली,” तो म्हणाला, आणि ताट धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी मी मास्क त्याच्या अंथरुणावर ठेवला. संध्याकाळी तो माझ्या अंथरुणावर होता. मी परत ठेवला. मग त्याने भिंतीत, दोन अंथरुणांच्या बरोबर मधोमध एक खिळा ठोकला आणि मास्क तिथे टांगला. त्यानंतर जितके भोंगे झाले, तितक्या वेळा आम्ही दोघं ओले टॉवेल तोंडाला धरून त्या खिळ्याखाली बसलो. दोघांपैकी कोणीही हात वर नेला नाही. लोक विचारतात, युद्धात सगळ्यात भयंकर काय बघितलंत? मी त्यांना तेलाच्या जळत्या विहिरी सांगतो, कारण त्या सांगता येतात.

बारावी चौकट मी लिहिली. एक शब्द वाढवला नाही. ती लिहिताना शांतारामदादाने शिडी धरली होती, आणि ती हलली नाही. शुक्रवारी एका सैनिकाने ती चौकट वाचून मोठ्याने हसत विचारलं, “हा कोण महान खेळाडू?” मी अंडी तळणाऱ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. सैनिक हसायचा थांबला. बशी घेऊन गेला आणि त्यांच्या शेजारी उभा राहूनच त्याने अंडी खाल्ली.

लढाई संपली. मिस्टर डेल मायदेशी गेले. नव्या साहेबांना हॉलचं गोदाम करायचं होतं, म्हणून भिंत पांढरी करायचा हुकूम आला आणि तोही मलाच. आधी शांतारामदादाने आपल्या बारा चौकटी उचकटून काढल्या, एक लाकूडही न फोडता. मग मी दोन हात मारले. तरी १९४७ पांढऱ्याखालून दिसत राहिलं, कारण ते अक्षर जाड काढलं होतं. त्याला तिसरा हात मारावा लागला.

शांतारामदादा त्या वर्षी रजेवर गेला तो परत आलाच नाही. गुहागरला त्याने सुतारकामाचं दुकान टाकलं. मी अजून बरीच वर्षं तिकडे काढली आणि चिपळूणला येऊन राहिलो. आमच्यात फार तर दीड तासाचं अंतर. तो आला नाही. मी गेलो नाही. ईदेला त्याचं पत्र यायचं, पोस्टकार्डावर तीन ओळी: आम्ही खुशाल, तुम्ही खुशाल असावे, वहिनींना नमस्कार. गोष्टींचा बादशहा मी, पण त्या तीन ओळींना मला चौथी ओळ कधी सुचली नाही.

तो वारल्याचं कळलं, तेव्हा मी एसटीने निघालो. वाटेत वाक्यं जमवली. त्याच्या बायकोला सांगणार होतो, पोराला सांगणार होतो: त्या संध्याकाळी असं असं झालं, आणि मी हे हे केलं. वाक्यं छोटी ठेवली होती. मिस्टर डेलच्या चिठ्ठीसारखी.

पडवीत पंधरा-वीस माणसं बसलेली. मी नाव सांगितलं. शांतारामदादाची बायको, म्हणजे माझी वहिनी, आतून लगबगीने बाहेर आली. माझ्याकडे बघून तिने तोंडाला पदर लावला आणि जमलेल्या लोकांना म्हणाली, “ह्येच ते. ह्येच इस्माईलभाय. ह्यांनी सोताच्या तोंडावरचा मास्क काढून आमच्या माणसाला घातला.”

मला काही कळेना. पोरगा पुढे आला. तो आता शाळामास्तर, डोक्यावर टक्कल पडायला लागलेलं. म्हणाला, “काका, बाबा फार बोलायचे नाहीत. सौदीचं तर काहीच नाही. पण ही एक गोष्ट आम्हाला सांगायचे. ‘एकच मास्क होता, आणि इस्माईलभायने तो मला दिला, स्वतः ओलं फडकं धरून बसला.’ पुढे काय झालं विचारलं की म्हणायचे, ‘मला नीट सांगता येत नाय. भाय आला की त्याला विचारा. तो सांगेल.’”

सगळी पडवी माझ्याकडे वळली. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. पोरगा माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, “सांगा ना, काका.”

माझी वाक्यं तयार होती. तोंडही उघडलं होतं.

आणि मी ती गोष्ट सांगितली. वहिनीने सुरू केलेली. भोंगा मी खऱ्याहून मोठा वाजवला. बल्ब झोका घेत होता, तो विझवला. दाराच्या फटीतून हिरवट धूर आत आणला. शांतारामदादा ‘नको, तूच घाल’ म्हणत होता आणि मी त्याची मान काखेत धरून पट्टे आवळले, असं हाताने करून दाखवलं. बायका रडल्या. एक म्हातारा म्हणाला, अशी माणसं आता राहिली नाहीत. तासभर सांगत होतो. इतकी चांगली मी कुठलीच गोष्ट कधी सांगितलेली नाही.

संपली तेव्हा पोरगा उठला आणि माझ्या पाया पडायला वाकला. आमच्यात पाया पडून घेत नाहीत. कोणी वाकला तर मी त्याला मधेच खांद्याला धरून उठवतो, आयुष्यभर उठवत आलो.

त्या दिवशी मी पाय मागे घेतले नाहीत.